ताळेबंदात न दिसणारा तयार माणूस

तुमच्या दुकानातला कॉम्प्युटर ताळेबंदात आहे. आयकराच्या हिशोबात त्यावर वर्षाला 40 टक्के घसारा, फर्निचरवर 10 टक्के. पण साडी उलगडता उलगडता गिऱ्हाइकाचं बजेट ओळखणारी ताई, किंवा तूर मुठीत घेऊन ओलावा सांगणारा लातूरच्या दालमिलमधला माणूस, यांची ओळ कुठेच नाही. त्यांना शिकवायला गेलेला पैसा त्याच वर्षी खर्चात जातो.

सीएला दोष देऊ नका, लेखा मानक 26 हेच सांगतं. मशीन तुमच्या ताब्यात असतं, माणूस नसतो. लातूरच्या क्लासवाल्यांना विचारा: फिजिक्सचे सर गेले की पोरं पण जातात. बेंच आणि एसी मागे राहतात, आणि ताळेबंदात तेवढेच दिसतात!

मोठ्यांनी प्रयत्न केलेत. 1981 ला पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस कित्येक वर्षं वार्षिक अहवालात जादा माहिती म्हणून आपल्या माणसांची किंमत छापायची. पद्धत लेव आणि श्वार्ट्झ यांची, 1971 ची: माणूस निवृत्तीपर्यंत जे कमावेल त्याची आजची किंमत. माझ्या मते आपल्याला ती बिनकामाची. पगार वाढला की किंमत वाढते. काम येतं का, हे ती विचारतच नाही.

आपल्याला वही पुरे. समजा नवीन पोरगा 10,000 पगारावर घेतला. तीन महिने त्याच्याकडून अर्धंच काम होतं, म्हणजे 15,000 शिकण्यात गेले. शिकवणारा जुना माणूस 16,000 चा, त्याचा पाव वेळ गेला, 12,000. चुकलेली बिलं, खराब झालेला माल 3,000 धरा. झाले 30,000.

वर्षाने तोच पोरगा महिन्याला 1,500 वाढ मागतो आणि आपण म्हणतो, "जायचं तर जा, दुसरा मिळेल." वाढ वर्षाची 18,000, दुसरा तयार करायला 30,000. वाढ दरवर्षी द्यावी लागते हे खरं, पण मधल्या काळात तुटलेली गिऱ्हाइकं मी धरलेलीच नाहीत.

काही जण पोराची ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतात, नाहीतर एक पगार अडकवतात. मला हे अजिबात पटत नाही. असा पोरगा थांबतो, पण नव्याला मनापासून शिकवत नाही. मग तो 30,000 चा आकडा वाढतच जातो.

बँक कर्ज देताना ही वही बघणार नाही. तरी दिवाळी बोनसच्या आधी ती उघडा. कुणी कुणाला तयार केलं ते बघा, आणि शिकवणाऱ्याचा बोनस आधी ठरवा.