गाउटची गोळी देण्याआधी पोटाची फाइल वाचा

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्यांचे दाहविकार, म्हणजेच आयबीडी, अनेकदा केवळ पोटापुरते नसतात. प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते आणि तोच दाह पाठीच्या कण्यात, सांध्यांत, डोळ्यांत, पित्तनलिकांतही उमटू शकतो. रक्तस्रावाने अ‍ॅनिमिया होतो, स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, शिवाय वयानुसार येणारे मधुमेह, रक्तदाब, गाउट या रुग्णांनाही होऊ शकतात. गेल्या आठवड्यात आरोग्य पुरवणीतील लेखाने हा विषय ‘ताण घेऊ नका, तंतुमय पदार्थ खा’ एवढ्यावर उरकला आणि आयबीडी व आयबीएस यांची सरमिसळही केली. आयबीएस हा आतड्याच्या कामातला बिघाड असून त्यात आतड्याला जखम नसते. आयबीडीमध्ये ती असते आणि बळावली तर आतड्याचा तुकडा कापून काढण्याची वेळ येते. पण या गोंधळापेक्षा गंभीर बाब लेखात आलीच नाही. एका आजाराचे औषध दुसऱ्या आजारात घातक ठरू शकते आणि ते तपासणे हे कोणाचेच काम मानले जात नाही.

अझाथायोप्रिन आणि अ‍ॅलोप्युरिनॉल यांचेच पाहावे. पहिली गोळी आतड्याचा दाह आटोक्यात ठेवते, दुसरी गाउटमधील युरिक अ‍ॅसिड कमी करते. अझाथायोप्रिनचा निचरा करणाऱ्या एका एन्झाइमला अ‍ॅलोप्युरिनॉल रोखते. त्यामुळे नेहमीच्याच डोसात औषध शरीरात साचत जाते, अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि साधा ताप जीवावर बेततो. दोन्ही देणे भागच असेल तर अझाथायोप्रिनचा डोस सुमारे चौथाईवर आणून वारंवार रक्ततपासणी करावी लागते. गाउटच्या फेबुक्सोस्टॅट या दुसऱ्या गोळीनेही हाच धोका असतो. ही माहिती नवी नाही. दोन्ही औषधे गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या एकाच प्रयोगशाळेतून आली. अझाथायोप्रिनपासून शरीरात तयार होणाऱ्या ६-मर्कॅप्टोप्युरिनचा परिणाम वाढवता येतो का, याच शोधात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅलोप्युरिनॉल वापरून पाहिले गेले होते. या दोघांना १९८८मध्ये नोबेलही मिळाले. इतकी जुनी, पाठ्यपुस्तकातली गोष्ट आजही केवळ दोन डॉक्टरांनी एकमेकांचे कागद न पाहिल्यामुळे नजरेतून सुटावी, हे अक्षम्य आहे.

पाठदुखीची कथा अशीच. आयबीडीच्या काही रुग्णांना अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा कण्याचा दाह होतो. सकाळी उठताना कंबर आखडते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते. हाडांचे डॉक्टर डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी लिहून देतात. कंबर सुटते, पण अशा गोळ्यांनी आतड्याचा आजार उसळू शकतो. पुढच्या वेळी तर चिठ्ठीही लागत नाही. डायक्लोफेनॅक शेड्यूल एचमधले, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारे, औषध असूनही दुकानदार कात्रीने पट्टीच्या चार गोळ्या कापून कागदी पाकिटात टाकतो आणि पोटाचा काही त्रास आहे का, एवढेही विचारत नाही. जैविक औषधांतही हाच पेच आहे. अ‍ॅडालिम्युमॅब कणा आणि आतडे दोन्हींवर चालते, इटॅनरसेप्ट क्रोन्सवर निष्प्रभ आहे, तर सेक्युकिन्युमॅबने आतड्याचा दाह वाढू शकतो. निवड करण्यापूर्वी संधिवाततज्ज्ञ आणि पोटाचे डॉक्टर यांनी निदान फोनवर तरी बोलायला हवे. अ‍ॅडालिम्युमॅबसारख्या औषधाआधी सुप्त क्षयाची तपासणी अनिवार्य, कारण त्याने दबलेला क्षय उफाळू शकतो.

मधुमेह असेल तर गुंता आणखी वाढतो. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने साखर दुपारनंतर चढते, त्यामुळे उपाशीपोटीचा आकडा निर्दोष दिसू शकतो. अ‍ॅनिमियात सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सीही फसवा ठरू शकतो. मेटफॉर्मिनने जुलाब झाले की आजार उसळल्याची शंका येते. आहारतज्ज्ञ मोड आलेली मटकी, गवार, कच्च्या कोशिंबिरी लिहून देतात. मधुमेहाला ते योग्यच, पण क्रोन्सने आतडे अरुंद झालेल्या रुग्णाचा मार्ग त्याने बंद पडू शकतो.

हे सारे जुळवण्याचे काम शेवटी रुग्णावरच येते. प्लास्टिकच्या पिशवीत चार फायली घेऊन तो ओपीडीत बसतो आणि आत गेल्यावर त्यातली एकच उघडली जाते. प्रत्येक केसपेपरच्या पहिल्याच पानावर सर्व आजार आणि चालू असलेली सर्व औषधे लिहिणे रुग्णालयांना सक्तीचे करावे आणि शेड्यूल एचची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाने दुकानात जाऊन तपासावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही की नवा निधी.

सरकारी योजनांतही या रुग्णाला फारशी जागा नाही. आयुष्मान भारतचे संरक्षण प्रामुख्याने दाखल झालेल्यांसाठी आहे. आतड्याच्या दाहासाठी वर्षानुवर्षे घ्यायच्या मेसालामिनचा खर्च खिशातूनच होतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत आयबीडी नाही. रोजच्या प्रवासातही त्याचा विचार होत नाही. मुंबईच्या लोकलच्या डब्यात शौचालय नसते आणि आजार उसळलेल्या माणसाला पाच मिनिटेही थांबता येत नाही. तो मध्येच उतरतो, तेव्हा फलाटावरच्या शौचालयाला कुलूप असणे ही केवळ गैरसोय राहत नाही. रेल्वेने निदान मोठ्या स्थानकांवरची शौचालये पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत उघडी आणि स्वच्छ ठेवावीत.