सांभाळा, नाहीतर सोपवा : चालत्या यंत्रांच्या हक्काचा जाहीरनामा

आम्ही संगणक दुरुस्त करणारे, डीटीपीची कामे घेणारे, आपले सरकार सेवा केंद्रे चालवणारे, शाळेचा संगणक कक्ष सांभाळणारे, वजनकाटा किंवा सीएनसी मशीन संगणकाला जोडून पोट भरणारे लोक आहोत. आमची मागणी सरळ आहे. कंपनीने विकलेल्या यंत्राचा ड्रायव्हर सांभाळावा. ज्या दिवशी तिला तो सांभाळायचा नसेल, त्या दिवशी तिने तो लोकांच्या हाती सोपवावा. एवढ्यासाठी आम्ही आज एकत्र येत आहोत.

काय घडते आहे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि घरोघरी, कचेऱ्या-दुकानांत विंडोज ११ टाकण्याची घाई सुरू झाली. त्या घाईत आमच्या टेबलांवर जी यंत्रे येतात, त्यांतली पुष्कळशी बिघडलेली नसतात.

सेवा केंद्रातला एखादा फ्लॅटबेड स्कॅनर घ्या. त्याची काच स्वच्छ असते, दिवा लागतो, वीज दिली की आतली पट्टी एकदा पुढेमागे सरकते. वर्षानुवर्षे त्याने दाखले, शिधापत्रिका आणि शाळा सोडल्याचे दाखले स्कॅन केलेले असतात. संगणक बदलल्यावर मात्र डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण उमटतो. प्रॉपर्टीज उघडून हार्डवेअर आयडी पाहिला, तर व्हीआयडी आणि पीआयडी असे दोन क्रमांक दिसतात. पहिला कंपनी सांगतो, दुसरा मॉडेल. म्हणजे समोर कोण आहे, हे संगणकाने ओळखलेले असते. त्याच्याशी बोलायचे कसे, एवढेच त्याला ठाऊक नसते. कंपनीच्या संकेतस्थळावरचा शेवटचा ड्रायव्हर ३२ बिटचा असतो आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. विषय तिथेच संपतो. हेल्पलाइनवरून उत्तर येते, ‘मॉडेल जुने झाले, नवीन घ्या.’

दुसरे उदाहरण केबलचे. वजनकाटे, प्रयोगशाळेतली उपकरणे आणि जुनी सीएनसी मशीन सिरियल पोर्टवर बोलतात. त्यांना आजच्या संगणकाशी जोडणाऱ्या यूएसबी केबलच्या टोकात एक छोटी चिप असते. पीएल-२३०३ एचएक्सए ही त्यातली फार खपलेली चिप. विंडोज ११ वर नवा ड्रायव्हर तिला ओळखतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावाच्या जागी सूचना झळकवतो, की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा. तीच केबल लिनक्सच्या संगणकाला लावली की चालते. ही केबल थकलेली नाही. तिला काम नाकारण्यात आले आहे.

का घडते

ड्रायव्हर हा बहुधा कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, वावरणारा कार्यक्रम असतो. गाभा बदलला की त्यालाही बदलावे लागते. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या गाभ्यात शिरूच शकत नाही. विंडोज व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीपासून कर्नलमधल्या ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची झाली. विंडोज १० च्या २०१६ मधल्या आवृत्तीपासून नव्या कर्नल ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी लागू लागली. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय चालू असेल, तर तिच्या नियमांत न बसणारे जुने ड्रायव्हर अडवले जातात.

या बंधनांना आमचा विरोध नाही. सदोष ड्रायव्हर म्हणजे चोराला उघडे दार. २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेल्या त्रुटीत विंडोजच्या छपाई सेवेतून आणि ड्रायव्हर बसवण्याच्या सोयीतून हल्लेखोराला सगळ्या संगणकाचा ताबा घेता येत होता. म्हणून कडेकोट व्यवस्था हवीच. पण कुलूप बदलणाऱ्याने घरातल्या माणसाला नवी किल्ली द्यायची असते. इथे किल्ली बनवण्याची माहिती एकट्या उपकरणाच्या कंपनीकडे आहे, आणि ती स्वतः किल्ली बनवत नाही, दुसऱ्याला बनवूही देत नाही. आमचा झगडा नेमका या अडवणुकीशी आहे.

हे नवे नाही

१९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की त्याची सूचना सर्वांना मिळावी, एवढीच सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. आधीच्या प्रिंटरवर त्यांनी ती केलीही होती. नव्या प्रिंटरच्या कार्यक्रमाचा मूळ कोड मात्र त्यांना मिळाला नाही. ज्याच्याकडे तो होता, त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवले. १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पामागे या अनुभवाचा वाटा होता. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगव्यापी चळवळीच्या मुळाशी छपाईयंत्राची अशी अडवणूक आहे.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा ग्राफिक्स आणि ध्वनी दोन्हींची रचना बदलली होती. त्याचे चटके जगभर बसले. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. नोंदवल्या गेलेल्या व्हिस्टा क्रॅशांपैकी जवळपास २९ टक्क्यांचे खापर एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर असल्याचे त्यांत दिसले. बड्या कंपन्यांचीही जिथे ही गत, तिथे ज्या मॉडेलचा ड्रायव्हर कुणी पुन्हा लिहायलाच बसले नाही, त्याच्या मालकाने काय करायचे?

हे टळू शकते

तुमचा कीबोर्ड, माउस आणि पेन ड्राइव्ह कोणत्याही संगणकाला लावा, ते चालतात. कारण यूएसबीच्या मानकांत अशा उपकरणांचे वर्ग ठरलेले आहेत आणि वर्गाचा ड्रायव्हर कार्यप्रणालीतच असतो. वेबकॅमचे तेच. आयपीपी एव्हरीव्हेअर आणि एअरप्रिंट या पद्धतींमुळे अनेक नवे प्रिंटर कंपनीच्या ड्रायव्हरविना छापतात.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्याच कोडसोबत राहतात. गाभ्यात बदल करणारा माणूस त्या बदलामुळे अडणारे ड्रायव्हरही दुरुस्त करतो. ‘सेन’ हा मुक्त प्रकल्प कंपन्यांनी सोडून दिलेले कितीतरी स्कॅनर चालते ठेवतो. २००७ मध्ये एएमडीने आपल्या ग्राफिक्स चिपची तांत्रिक माहिती खुली करायला सुरुवात केली, आणि तिच्या आधारे कंपनीबाहेरच्या लोकांनीही ड्रायव्हर लिहिले. कंपनी बुडाली नाही.

कायदाही याच दिशेने जातो आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅबलेटच्या उत्पादकांना, मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे कार्यप्रणालीचे अपडेट द्यावे लागतात. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(एबी) तर आधीच मुभा देते, की दोन कार्यक्रम एकमेकांशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती अन्यत्र सहज मिळत नसेल, तर कार्यक्रमाचा वैध धारक ती शोधून काढू शकतो.

२०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि रीतसर गोळा करून पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद त्यातल्या एक चतुर्थांशाचीही नाही. या ढिगात धडधाकट यंत्रे ढकलणे हा आम्ही अन्याय मानतो. तो वापरणाऱ्याच्या खिशावर आहे आणि जमिनीवरही आहे.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक उपकरणाच्या खोक्यावर ड्रायव्हर कोणत्या वर्षापर्यंत मिळेल, ते किमतीइतक्याच ठळकपणे छापलेले असावे.

२. सपोर्ट थांबवणाऱ्या कंपनीने ड्रायव्हरचा मूळ कोड, किंवा किमान यंत्राशी बोलण्याची संपूर्ण भाषा, मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करावी.

३. जुने ड्रायव्हर संकेतस्थळावरून काढू नयेत. कंपनी विकली गेली, तरी हे बंधन नव्या मालकावर राहावे.

४. जिथे यूएसबी वर्ग किंवा आयपीपीसारखे खुले मानक आहे, तिथे उत्पादकाने तेच वापरावे.

५. कार्यप्रणाली बनवणाऱ्यांनी अपग्रेडच्या आधी जोडलेले प्रत्येक उपकरण तपासून कोणते बंद पडेल, ते मालकाला त्याच्या भाषेत सांगावे. स्वयंसेवकांनी लिहिलेल्या ड्रायव्हरला तपासणी आणि स्वाक्षरी परवडणाऱ्या खर्चात मिळावी.

६. शासन, जिल्हा परिषदा, महापालिका आणि विद्यापीठांनी निविदेत खुल्या ड्रायव्हरची अट घालावी. जनतेच्या पैशातून घेतलेले यंत्र कंपनीच्या मर्जीवर चालू नये.

७. दुरुस्तीच्या हक्कात स्क्रू आणि सुट्या भागांबरोबर ड्रायव्हरचाही स्पष्ट समावेश व्हावा.

आम्ही स्वतः काय करू

मागण्या करून आम्ही हातावर हात ठेवून बसणार नाही.

जुन्या उपकरणांची मराठीत खुली नोंदवही ठेवू. तीत मॉडेल, व्हीआयडी, पीआयडी, कोणत्या कार्यप्रणालीवर चालते आणि कोणत्या युक्तीने चालते, हे लिहू. युक्ती हाती आली की ती दडवणार नाही, शेजारच्या दुकानदारालाही सांगू.

कोणाच्याही संगणकावर फॉरमॅट मारण्याआधी त्याच्या उपकरणांची यादी करू. विंडोजमधली पीएनपीयूटिल ही आज्ञा वापरून चालू ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर काढून ठेवू आणि जे बंद पडणार, ते आधीच सांगू. अपग्रेडनंतर गिऱ्हाइकाला धक्का बसता कामा नये.

स्वाक्षरीची तपासणी कायमची बंद ठेवून जुना ड्रायव्हर रेटणार नाही. गरज पडली तर स्कॅनरसाठी लिनक्सचा संगणक उभारू, नाहीतर जुना संगणक इंटरनेटपासून तोडून तेवढ्याच कामाला ठेवू. यंत्र वाचवताना लोकांची माहिती धोक्यात घालणे आम्हाला मान्य नाही.

‘नवीन घ्या’ हे आमचे पहिले उत्तर कधीच नसेल.

आवाहन

डीटीपीवाल्यांनो, तुमच्या फॉन्टची डोंगल नव्या संगणकावर उघडत नाही म्हणून जुना डबा अजून टेबलाखाली ठेवला असेल, तर या. शिक्षकांनो, शाळेला देणगीत मिळालेले प्रिंटर कपाटात धूळ खात असतील, तर ते बाहेर काढा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत असाल, तर एका बेवारस उपकरणाचा ड्रायव्हर लिहा. परीक्षा संपल्यानंतरही तुमचे काम कुणाच्या तरी टेबलावर चालू राहील. पुण्या-मुंबईपासून बंगळूरपर्यंत आणि परदेशातही चिप आणि ड्रायव्हर लिहिण्याच्या कामात मराठी माणसे आहेत. आपल्या कंपनीच्या बैठकीत हा मुद्दा मांडा. आतून आलेला आवाज लवकर ऐकू जातो.

आणि वाचकहो, तुमच्याकडून आजच दोन गोष्टी हव्यात. घरी बंद पडून असलेल्या प्रत्येक उपकरणाचा व्हीआयडी आणि पीआयडी उतरवून आमच्या नोंदवहीत द्या. पुढच्या वेळी प्रिंटर किंवा स्कॅनर घ्यायला गेलात, की पैसे काढण्याआधी दुकानदाराला विचारा, ‘याचा ड्रायव्हर किती वर्षे मिळणार, आणि ते लिहून देता का?’ दिवसभरात दहा गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला, की दुकानदार तो वितरकाला विचारेल, वितरक कंपनीला विचारेल, आणि कंपनीला उत्तर द्यावे लागेल.