निष्काळजी कोण?



पोळा झाला की कपाशीच्या गावांत फवारणीचे पंप सुरू होतात, आणि त्याच दिवसांत दवाखान्याच्या खाटा भरू लागतात. डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, तोंडाला लाळ, हातापायांना कंप. माणूस वाचला तर नशीब. गेला तर त्याच्या नावापुढे एकच शब्द लागतो : निष्काळजी. या एका शब्दाशी आमचे भांडण आहे.

२०१७ चा हंगाम आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात पडली. सरकारने विशेष तपास पथक नेमले. पाच कीटकनाशकांची विक्री ६० दिवस बंद केली. पण चावडीपासून मंत्रालयापर्यंत चर्चा एकाच प्रश्नावर येऊन थांबली : मास्क का घातला नाही? मेलेल्या माणसाला विचारायला हा प्रश्न सोपा आहे. तो उत्तर देत नाही.

त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी दाद देत नव्हती, म्हणून फवारण्या वाढल्या. दोन-तीन विषे एका पंपात कालवली गेली. तुषार वरच्या दिशेने मारावा लागत होता आणि तो तोंडावर, छातीवर परत येत होता. हवा दमट, अंग घामाने ओले. ओल्या कातडीतून विष शरीरात शिरते. यातली कोणती गोष्ट एका मजुराच्या निष्काळजीपणाने घडली?

आता दुसरीकडे पाहा. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला वायू फुटला. तो कारखाना कसला होता? कीटकनाशकांचाच. हजारो माणसे गेल्यावर देश जागा झाला आणि १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. कामगार ज्या पदार्थात हात घालतो त्याचा धोका काय, हे मालकाने त्याला सांगितले पाहिजे. धोका दिसला तर कामगाराला इशारा देण्याचा हक्क आहे. चांगले झाले. पण जे विष बनवतो त्याला हक्क, आणि तेच विष पाठीवर घेऊन दिवसभर चालतो त्याला उपदेश! दहा कामगार मोजून लागू होणाऱ्या कायद्यांत पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी आणि त्याचे दोन मजूर कुठे बसतात? शेत ही कामाची जागा आहे, हेच अजून कोणी मानलेले नाही.

कारखान्यात धोका ओळखण्याची एक रीत आहे. पहिल्यांदा धोका मुळातून काढता येतो का ते पाहायचे. नाही निघाला, तर कमी धोक्याची वस्तू आणायची. मग कामाची पद्धत बदलायची. एवढे करून जो उरेल, त्याच्यासाठी मास्क आणि हातमोजे. मास्क ही शेवटची पायरी आहे. आपल्याला मात्र शेवटची पायरीच पहिली म्हणून सांगितली जाते, आणि ती चुकली की दोषही आपल्याच माथी. ऑक्टोबरच्या उकाड्यात रबरी हातमोजे आणि जाड अंगरखा घालून सल्ला देणाऱ्या साहेबाने दोन तास पंप मारून दाखवावा.

यात आमचाही दोष आहे, तो लपवत नाही. आम्ही कृषी पदवीधर. हेक्टरी किती मिली, दहा लिटर पाण्यात किती, हे आम्हाला तोंडपाठ करून घेतले. फवारणाऱ्याच्या अंगावर किती पडते, हे कोणी शिकवले नाही आणि आम्हीही विचारले नाही. विषाला 'औषध' म्हणायला आम्हीच शिकवले. ज्या घरात विषाचे नाव औषध असते, त्या घरात ते फळीवर मिठाशेजारी जाऊन बसते.

तेव्हा शोधायला सुरुवात करू. धोका शेतात येण्याआधी कृषी केंद्राच्या काउंटरवर उभा असतो. 'हे पण घ्या, यात मिसळा' असे तिथे सांगितले जाते आणि बिलावर काही लिहिले जात नाही. डब्यावरचा लाल त्रिकोण अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे किती घरांत ठाऊक आहे? पंप गळतो, पाठ भिजते. नोझल तुंबते, ते तोंडाने फुंकले जाते. मजुरी पंपामागे ठरते, म्हणून मजूर वारा पाहत नाही, जेवणाआधी हात धूत नाही, थांबत नाही. पाणी बायका आणतात, द्रावण कालवायला त्याच हात लावतात, दुसऱ्या दिवशी त्याच ओळींत निंदायला बसतात. त्यांची नोंद कुठेच नसते.

मुळातला उपाय फवारणी कमी करणे हाच. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग येईपर्यंत बोंडअळीसाठी पंप उचलू नका. जी फवारणी झालीच नाही तिच्याने कोणी मरत नाही, आणि तिचे पैसेही वाचतात.

कायदा काय म्हणतो? १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम २६ प्रमाणे विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे राज्य सरकार बंधनकारक करू शकते. नोंदच नसेल तर धोका दिसणार कसा? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेत मृत्यूनंतर दोन लाख मिळतात, पण खातेदाराच्या घरालाच. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि जो दुसऱ्याच्या रानात पंप मारतो, त्याच्या घराचे काय?

गोष्ट फवारणीवर संपत नाही. ज्वारीच्या हंगामात मळणीयंत्र हात खाते. पेंढी घालायचे पाळे लांब आणि अर्धे झाकलेले असेल तर हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. हे जुने ज्ञान आहे. रात्रीची वीज माणसाला अंधारात विंचवा-सापाच्या वाटेवर पाठवते. तिथेही विचारणार का, निष्काळजी कोण?

या मेळाव्यातून प्रत्येक गावाने तीन कामे घेऊन जावे.

एक : हंगामाआधी मालक, मजूर आणि बायका एकत्र बसून गावातील धोक्यांची यादी करतील. विषबाधेची वही गावातच ठेवतील.

दोन : पक्के बिल आणि मराठी माहितीपत्रक घेतल्याशिवाय डबा घरी आणणार नाहीत. कोणाला त्रास झाला तर कपडे काढून अंग साबणाने धुवायचे, आणि डबा सोबत घेऊनच दवाखाना गाठायचा. सगळ्या विषांवर उतारा एक नसतो. डॉक्टरला नाव कळले पाहिजे.

तीन : तालुक्याच्या दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन आणि रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी आहे का, हे जून महिन्यातच लेखी विचारतील. उत्तर आले नाही तर तहसीलसमोर बसतील.

काळजी आम्ही घेऊ, ती आमच्याच जिवाची आहे. पण जे विकतात, जे परवाना देतात आणि जे सल्ला देतात, त्यांनी आपल्या वाट्याची काळजी घेतली का, हा प्रश्न यापुढे आम्ही विचारणार. आणि तो माणूस जाण्याआधी विचारणार.