सायकल डोंगरावर नेण्यापूर्वी

आपल्या सीमाभागाला सायकल नवी नाही. दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या आणि विद्यार्थ्यांची दप्तरे या भागात सायकलीनेच वाहिली आहेत. परंतु अलीकडे सायकलीचे एक निराळे रूप आपल्या रस्त्यांवर दिसू लागले आहे. जाड व खाचांची चाके, पुढे धक्के सोसणारी व्यवस्था आणि चढउतारांसाठी गिअर असलेली ही सायकल मुळी डोंगरासाठीच जन्मास आली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात तमालपाइस नावाचा एक डोंगर आहे. 1970 च्या दशकात तेथील काही हौशी तरुण जुन्या, दणकट सायकली घेऊन त्या डोंगराच्या मातीच्या वाटांवरून खाली सुटत. त्या छंदातून हा खेळ उदयास आला, आणि 1996 साली अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये त्याला मानाचे स्थान मिळाले. आज राजहंसगडाचा चढ, देवरवाडीचा वैजनाथाचा डोंगर, जांबोटी-कणकुंबीकडील रानवाटा किंवा निपाणीजवळच्या तवंदी घाटाभोवतीच्या टेकड्या आपल्या मुलामुलींना साद घालू लागल्या, तर त्यात नवल ते काय?

या छंदाविषयी घरोघरी दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "हातपाय मोडून घ्यायचे हे धंदे हवेत कशाला?" मुले म्हणतात, "पडल्याखेरीज कोणी शिकतो का?" माझ्या मते ही दोन्ही मते अर्धवट आहेत. भीतीपोटी मुलाला घरात बसविणे म्हणजे त्याच्या वाट्याचे मोकळे आकाश काढून घेणे होय. उलटपक्षी, पडल्यावर काय करावयाचे हे ठाऊक नसताना उतारावरून सुसाट सुटणे, यास धाडस म्हणता येणार नाही. तो केवळ उतावीळपणा आहे. डोंगरात अवश्य जावे, परंतु प्रथमोपचार शिकल्यावाचून जाऊ नये, आणि एकट्याने तर मुळीच जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

असा आग्रह धरण्याचे कारण साधे आहे. शहरात कोणी पडला तर हाकेच्या अंतरावर दवाखाना असतो, रिक्षा असते, चार शहाणी माणसे असतात. कणकुंबीच्या पलीकडे दाट झाडीत कोणी पडला तर तेथे असतो तो फक्त त्याचा सोबती. मदत येईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, त्या सोबत्याच्याच हाती असतो. डॉक्टर कितीही निष्णात असला तरी जखमी त्याच्यापर्यंत जिवंत पोहोचला पाहिजे, आणि ते काम डॉक्टरचे नव्हे, सोबत्याचे आहे. डोंगरातला पहिला वैद्य म्हणजे शेजारी सायकल चालविणारा आपला मित्रच होय.

या वैद्याला काय काय यावे? पहिली गोष्ट रक्त थांबविण्याची. रक्त वाहू लागले की स्वच्छ रुमाल किंवा कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरावी, आणि थांबले की नाही हे पाहण्यासाठी दर क्षणी ती उचलू नये; निदान दहा मिनिटे दाब तसाच ठेवावा. कोठे कोठे जखमेवर हळद, चुना, चहाची पूड, इतकेच काय, तंबाखूही दाबली जाते. निपाणीच्या परिसरात तंबाखूला तोटा नाही हे खरे, परंतु तिची जागा जखमेत नाही. अशा पुडींनी जखम दूषित होते व डॉक्टरचे काम वाढते. किरकोळ जखम असेल तर ती स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी. वाटेवरची माती आणि शेण यांतून धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरू शकतात, म्हणून जखम लहान दिसली तरी धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारण्यास विसरू नये.

दुसरी गोष्ट मोडलेल्या हाडाची. सायकलवरून पडताना माणूस सहजच हात पुढे टाकतो. त्यामुळे मनगटाला इजा होते किंवा खांद्याजवळची हासळी मोडते. अशा वेळी हात ओढून 'बसविण्याचा' प्रयत्न करू नये. मोडलेला भाग आहे त्याच स्थितीत स्थिर ठेवावा. हात असेल तर त्रिकोणी पट्टीच्या झोळीत ठेवावा. पाय असेल तर सरळ काठीचा आधार देऊन वरच्या व खालच्या सांध्यासह बांधावा. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर जखमीला मुळीच हलवू नये. त्याचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरून मदतीची वाट पाहावी. आपल्याकडे अपघात झाला की चार जण धावतात आणि जखमीला हातापायांना धरून उचलतात. त्यांचा हेतू निर्मळ असतो, परंतु पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाला त्या प्रेमाने जन्माचे पंगुत्व येऊ शकते. तसेच बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

तिसरी गोष्ट डोक्याची. 2003 सालच्या मार्च महिन्यात फ्रान्समधील पॅरिस-नीस या सायकल शर्यतीत आंद्रेई किविलेव हा कझाकस्तानचा नामांकित खेळाडू पडला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे केले. पुढच्यास ठेच लागली, आता मागच्याने तरी शहाणे व्हावे. डोक्याला मार लागल्यावर क्षणभर जरी शुद्ध हरपली, उलटी झाली, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा झोप अनावर होऊ लागली, तर "काही नाही, बरा आहे" असे म्हणून त्याला पुन्हा सायकलवर बसवू नये. त्यास थेट रुग्णालयात न्यावे. त्यावेळी काही लक्षण दिसले नाही तरी पुढील एक-दोन दिवस त्याच्यावर घरच्यांची नजर असावी.

एक दुखापत मात्र अशी आहे की तिच्याविषयी पुष्कळांना माहितीच नसते. मूल पडते, हँडलचे टोक पोटात रुतते, पोटावर एखादे लहानसे वर्तुळ उमटते आणि मूल उठून चालू लागते. वरून काही दिसत नाही. परंतु आत यकृत, प्लीहा किंवा आतडे फाटलेले असू शकते. काही तासांनी पोट दुखू लागते, चेहरा पांढराफटक पडतो, घाम सुटतो. आई रागावेल म्हणून मूल बोलत नाही, आणि मौल्यवान वेळ निघून जातो. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, की मूल पडून आले तर आधी रागावू नका, आधी विचारा. रागाच्या भीतीने लपविलेली दुखापत ही उघड्या जखमेपेक्षा अधिक घातक असते. आणि मुलांनो, हँडलच्या टोकांवरील रबरी मुठी झिजल्या असतील तर त्या आजच बदला. उघडी नळी एखाद्या धारदार पात्याप्रमाणे कापते.

आपल्या रानाची आणखी काही संकटे आहेत. जांभ्याच्या कातळात फुरसे असते, झुडपात घोणस असते. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळूनही टाकू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून, जखमीला धीर देत, त्याला चालू न देता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाच्या दारी घालविलेला प्रत्येक क्षण विषाच्या पथ्यावर पडतो. विंचवाच्या बाबतीत तर आपल्याच कोकणाने जगाला धडा दिला आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागात राहून विंचूदंशावरील उपचाराचा अभ्यास केला, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. 2022 साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. त्यांच्या कार्याचे मर्म हेच, की योग्य ज्ञान योग्य वेळी हाताशी असेल तर खेड्यातही माणूस वाचतो.

आता मदत बोलाविण्याविषयी. आपला भाग सीमेवरचा आहे. चोर्ला घाटाच्या परिसरात कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र ही तीन राज्ये एकमेकांस भिडतात. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक तिन्हीकडे आहे, आणि कोणत्याही संकटासाठी 112 आहे. परंतु सीमेवर आपला दूरध्वनी कोणत्या राज्यात लागेल याचा भरवसा देता येत नाही. म्हणून फोन लागताच प्रथम राज्य, जिल्हा, जवळचे गाव आणि रस्त्यावरचा दगड सांगावा. मग काय झाले ते सांगावे. निघण्यापूर्वी घरी मार्ग व परतण्याची वेळ लिहून ठेवावी, कारण दरीत फोन चालेलच असे नाही.

येथे एक गोष्ट मला मोकळेपणाने सांगावयाची आहे. मराठी ही आपली माय आहे, तिचा अभिमान कोणी सोडू नये. परंतु मदत मागण्यापुरते कन्नड आपल्या प्रत्येक मुलाला आलेच पाहिजे. 'सहाय माडि' म्हणजे मदत करा. 'गाय आगिदे' म्हणजे जखम झाली आहे. मराठी कानाला तेथे गाय दिसेल आणि हसू येईल. पण तो शब्द आपल्या 'घाव' व 'घायाळ' यांचा सख्खा भाऊ आहे. घाटात रक्तबंबाळ पडलेल्या मुलाला उचलणारा ट्रकचालक त्याची मातृभाषा विचारीत नाही. आपणही कोणाची विचारू नये.

"मदत करावी तर पोलिसांचा ससेमिरा पाठीस लागेल," ही भीतीही आता सोडावयास हवी. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अशा परोपकारी व्यक्तीच्या संरक्षणाचे नियम मान्य केले, आणि 2019 साली मोटार वाहन कायद्यात तशी तरतूदच झाली. रस्त्यावरील अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यास जबाबदार धरता येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

प्रथमोपचार सामान्य माणसाला शिकवावा हा विचारही जुनाच आहे. इंग्लंडमध्ये 1877 साली सेंट जॉन रुग्णवाहिका संघ स्थापन झाला. जर्मनीतील कील येथील शल्यचिकित्सक एस्मार्क यांनी 1882 साली तशीच शाळा काढली व त्रिकोणी पट्टीचा प्रसार केला. आपल्या शाळेतील बालवीराच्या गळ्यात जो रुमाल असतो, तो उलगडला की हीच पट्टी होते. पण तिची झोळी बांधता येणारे किती निघतील? गाठ केवळ शोभेसाठी घालणे पुरेसे नाही.

म्हणून मी असे सुचवितो, की शारीरिक शिक्षणाच्या तासांपैकी महिन्यातून एक तास प्रथमोपचारास द्यावा, गावातील डॉक्टरांना व परिचारिकांना त्यासाठी आवर्जून बोलवावे, आणि रक्त थांबविणे, झोळी बांधणे, जखमीला स्थिर ठेवणे व नीट निरोप सांगणे एवढे ज्याला येते त्यालाच सहलीत सायकल नेऊ द्यावी. यासाठी मोठा निधी लागत नाही. चार पट्ट्या, दोन काठ्या आणि शिकण्याची इच्छा पुरते. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय आपण कधीतरी मोडली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, शिखरावर सर्वांच्या आधी पोहोचणाऱ्याचे कौतुक जरूर व्हावे. परंतु मित्र पडलेला पाहून जो आपली सायकल आडवी टाकतो, गुडघे टेकून त्याच्या जखमेवर हात दाबून धरतो आणि मदत येईपर्यंत तेथून हलत नाही, त्याची योग्यता मला अधिक वाटते. असा एक जण तरी प्रत्येक टोळीत असावा, आणि तो आपणच असावे, अशी तयारी प्रत्येकाने ठेवावी.