किशोरवयातील अस्थिर मन : वैद्याची दृष्टी आणि वैद्याची मर्यादा

शिरूर आणि दौंड तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या आपल्या वैद्यबंधूभगिनींना एक चित्र परिचयाचे आहे. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, क्वचित मुलगा, आईबरोबर दवाखान्यात येतो. तक्रार डोकेदुखीची, पित्ताची, निद्रानाशाची किंवा पाळीची असते. आई हळूच सांगते की, मैत्रिणीने एक दिवस फोन घेतला नाही तर ही जेवण सोडते, घर डोक्यावर घेते आणि संध्याकाळी पुन्हा हसतखेळत असते. भर उन्हाळ्यात अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असतो. नाडी पाहण्यासाठी बाही वर सारली की हातावर जखमांच्या एकसारख्या खुणा दिसतात.

अशा वेळी आपण बहुधा ‘वयाचा परिणाम’ म्हणून सारस्वतारिष्ट किंवा ब्राह्मीवटी लिहून देतो. घरची मंडळी ‘लाडाने बिघडली’ म्हणतात, नाहीतर देवऋष्याकडे नेतात. आमच्या मते उपचाराची मोलाची वेळ हीच असते आणि ती आपल्याच दारातून निसटते.

आधुनिक मानसोपचारात ज्यास ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ म्हणतात, त्याची पूर्वचिन्हे याच वयात दिसू लागतात. एकटे टाकले जाण्याची तीव्र भीती, आज देवासमान वाटणारी व्यक्ती उद्या वैरी भासणे, ‘मी कोण’ याविषयी सततचा गोंधळ, आतून रिकामे वाटणे, अनावर क्रोध, अविचारी साहस आणि स्वतःस इजा करणे ही त्यातील प्रमुख होत. येथे मनःस्थिती काही तासांत पालटते. द्विध्रुवी विकारात ती अनेक दिवस किंवा आठवडे टिकून राहते. हा भेद ध्यानी ठेवावा. त्याचबरोबर थायरॉईड, पांडुरोग, अपस्मार आणि व्यसन यांचा विचार अवश्य करावा.

चिडणारे प्रत्येक किशोर रुग्ण नसते, हेही तितकेच खरे. एखाद्या परीक्षेपुरता, एखाद्या भांडणापुरता उद्रेक वेगळा. घरी, शाळेत, मित्रांत सर्वत्र दिसणारा आणि टिकून राहणारा आकृतिबंध वेगळा. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीत हे निदान करावयाचे तर लक्षणे किमान एक वर्ष टिकलेली असावी लागतात.

येथे आपल्या काही ज्येष्ठांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. कोवळ्या वयात असे नाव चिकटले तर मुलीचे लग्न, शिक्षण, गावातील वावर सारेच अडेल, असे ते म्हणतात. ही भीती निराधार नाही. परंतु त्यावरचा उपाय गप्प बसणे हा नव्हे. निदानाचे नाव आपण देऊ नये, ते तज्ज्ञांचे काम आहे. चिन्हे मात्र नोंदवावीत आणि वेळीच पुढे पाठवावे. मॅक्लीन रुग्णालयात मेरी झॅनारिनी यांनी केलेल्या दीर्घ पाठपुराव्यात दहा वर्षांत बहुसंख्य रुग्णांची लक्षणे ओसरल्याचे आढळले. हा विकार म्हणजे जन्माचा शिक्का नव्हे, हे पालकांस आवर्जून सांगावे.

आपल्या शास्त्रात या जाणिवेची भूमी आहे. चरकाचार्यांनी उन्मादनिदानात मन व बुद्धीबरोबरच भक्ती, शील, चेष्टा व आचार यांचाही विभ्रम सांगितला आहे. क्रोध, शोक, भय हे धारण करण्याजोगे वेग मानले आहेत आणि अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, अर्थात सत्त्वावजय, ही स्वतंत्र चिकित्सा म्हणून गणली आहे. तथापि प्रस्तुत विकार ओढूनताणून संहितेतील एखाद्या नावात बसवू नये. यात मुख्य उपचार मानसोपचाराच्या नियमित बैठकींचा आहे. मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली पद्धती त्यासाठी प्रसिद्ध आहे. केवळ गोळी वा अरिष्ट पुरे पडत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांस मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. ही आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा आहे. पण त्याच तरतुदीने आपणा इतरांची मर्यादाही आखली आहे.

मग आपण काय करावे? मुलाशी पाच मिनिटे एकट्याने बोलावे; मुलगी असल्यास परिचारिका किंवा अन्य स्त्री उपस्थित असावी. जीव नकोसा वाटतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात शिरत नाही. घरातील मारहाण वा अत्याचाराचा संशय आल्यास बाजू मिटवू नये. लैंगिक अत्याचाराची खबर देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. आपला भाग उसाचा आणि शेतीचा, म्हणून कीटकनाशके व घरातील औषधे कुलुपात ठेवण्यास पालकांस स्पष्ट शब्दांत सांगावे.

औषधालयचालकांस एक विनंती. झोपेची गोळी चिठ्ठीवाचून देऊ नये. सर्पगंधेचे कल्पही ‘वनस्पती आहे’ म्हणून सहज हाती ठेवू नयेत. तिच्यातील रिसर्पीनमुळे खिन्नता वाढू शकते. मलमपट्टीचे सामान वारंवार नेणाऱ्या मुलाची मायेने विचारपूस करावी.

पुण्यास ससूनचा मानसोपचार विभाग किंवा येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय गाठावयाचे तर रांजणगाव वा कुरकुंभच्या कामगाराचा दिवस मोडतो, हे आम्ही जाणतो. म्हणून ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा, क्रमांक १४४१६, प्रत्येक दवाखान्यात व दुकानात दर्शनी लावावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांत आयुष पदवीधरच शाळांत जातात. त्या बंधूभगिनींना आपल्या शाखांच्या मासिक सभेत पाचारण करावे आणि याच विषयावर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांचे व्याख्यान योजावे.

बाही वर सारण्याचा अधिकार रुग्णाने आपणांस विश्वासाने दिलेला आहे. तिच्याखाली जे दिसेल त्याकडे पाठ फिरवून केलेली नाडीपरीक्षा अपुरीच राहील.