विश्लेषण : लैंगिक व्यसन – दोष चारित्र्याचा की आजार मनाचा?

दारू सुटत नाही म्हणून मदत मागणारा माणूस आता आपल्या ओळखीचा आहे. पुण्यात १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू झाले, त्यानंतर ‘व्यसन हा आजार आहे’ हे म्हणणे महाराष्ट्रात हळूहळू रुजले. लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र आजही टिंगल येते किंवा तिरस्कार. त्यामुळे तो बोलत नाही, घरच्यांना उमगत नाही आणि उपचाराची वेळ टळत राहते.

लैंगिक व्यसन म्हणजे नेमके काय?

हा शब्द लोकप्रिय झाला तो अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कार्न्स यांच्या १९८०च्या दशकातील लेखनामुळे. वैद्यकशास्त्राने तो जसाच्या तसा स्वीकारलेला नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या वर्गीकरणात या आजाराला जागा मिळाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ‘कंपल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर’, म्हणजे अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार, समाविष्ट केला. तोही व्यसनांच्या गटात नाही, तर आवेगावर नियंत्रण न राहण्याच्या विकारांमध्ये. याला व्यसन म्हणावे का, हा तज्ज्ञांमधला वाद आहे. माणसाला त्रास होतो आणि त्याला मदत लागते, याविषयी वाद नाही.

तो ओळखायचा कसा?

किती वेळा, यावरून नव्हे. ताबा आहे की नाही, यावरून. लैंगिक कृती आयुष्याच्या केंद्रस्थानी येऊन प्रकृती, काम आणि घर यांची हेळसांड होते. थांबवण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात. नोकरी, पैसा, नाते पणाला लागले तरी वर्तन चालूच राहते. कित्येकदा त्यातून समाधानही मिळत नाही, तरी पाय तिकडेच वळतात. हे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ चालले आणि त्यामुळे जगणे विस्कटले, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवे.

मग ‘फार इच्छा होते’ हा आजार नाही?

नाही. तीव्र कामेच्छा हा आजार नाही, हस्तमैथुन हाही नाही. केवळ ‘हे पाप आहे’ या भावनेतून येणारी टोचणी निदानाला पुरेशी नाही, असे आयसीडी-११ स्पष्ट सांगते. आपल्याकडे हे अधोरेखित करायला हवे, कारण वीर्यनाशाच्या भीतीने खंगणारे तरुण इथे कमी नाहीत. त्या भीतीला मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून असल्याच गैरसमजांशी झुंज दिली. शतक होत आले, तरी लोकलच्या डब्यांतल्या ‘गुप्तरोग’वाल्या चिठ्ठ्या सुटलेल्या नाहीत. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे, हे त्या चिकटवणाऱ्यांनाही ठाऊक असते.

याचा भिवंडीशी संबंध काय?

हा विकार श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष पाहत नाही. पण काही परिस्थिती त्याला पोषक ठरतात. भिवंडीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले हजारो कामगार राबतात. बारा बारा तासांची पाळी, भिशीतले जेवण, एका खोलीत अनेकांची झोपण्याची सोय आणि बायकामुले गावाकडे. अशा जगण्यात हातातला मोबाइल हाच एकमेव खासगी कोपरा उरतो. थकवा, एकटेपणा आणि ताण विसरण्यासाठी लागलेली सवय पुढे कुणाच्या बाबतीत हाताबाहेर जाऊ शकते. याचा अर्थ स्थलांतरित कामगार म्हणजे विकृत, असा काढणे निव्वळ अन्याय ठरेल. शहराने हनुमान टेकडीच्या वस्तीकडे बोट दाखवून विषय मिटवू नये. एड्स नियंत्रणाच्या निमित्ताने निरोध आणि रक्ततपासणीविषयी बोलणे सुरू झाले. मनाच्या तपासणीविषयी बोलणे मात्र अजून व्हायचे आहे.

आजार म्हटले की गुन्हा माफ होतो?

मुळीच नाही. छेडछाड, बळजबरी, मुलांचे शोषण हे गुन्हेच आहेत. या विकाराने ग्रस्त असलेले बहुतेक लोक इतरांपेक्षा स्वतःचे आणि घरच्यांचेच नुकसान करतात. पण जोडीदाराची फसवणूक झाली, तिला संसर्गाचा धोका पत्करावा लागला, घरातला पैसा गेला, तर ‘आजारी आहे, सांभाळून घे’ असे तिला सुनावणे चुकीचे आहे. तपासणी, समुपदेशन आणि वेगळे होण्याचा निर्णय हे तिचेही हक्क आहेत.

उपचार आहेत का?

आहेत. आधी डॉक्टर अन्य कारणे पडताळतात. उन्मादाच्या अवस्थेत किंवा पार्किन्सन्सच्या काही औषधांमुळेही असे वर्तन दिसू शकते. नैराश्य, चिंता, दारू यांची साथ अनेकदा असते. मग विचार आणि वर्तन बदलणारी मानसोपचार पद्धती, गरजेनुसार औषधे आणि जोडीदारासह समुपदेशन असा मार्ग असतो. ऊर्मी कधी उठते – रात्री एकटे असताना, भांडणानंतर, पगाराच्या दिवशी – हे ओळखून त्या क्षणासाठी दुसरी वाट आखणे हा त्याचा गाभा.

जायचे कुठे?

‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीत आणि हिंदीतही बोलता येते. जवळच ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

पण क्रमांक भिंतीवर असून भागत नाही. यंत्रमाग कारखान्यांत, गोदामांत, भिशीत तो लिहिला गेला पाहिजे. महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने न हसता, न रागावता ‘झोप लागते का, मनावर ताबा राहतो का’ असे विचारले पाहिजे. भोंदूच्या चिठ्ठीला मिळणारी जागा खऱ्या मदतीला मिळाली, तर गप्प बसलेला माणूस बोलेल. एवढे करायला मोठा निधी लागत नाही, लाज सोडावी लागते.