दडवलेली तारीख

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला आणि इतिहास घडला. त्याच्या वीसच दिवस आधी, २३ मार्चला, त्याचा २४ वर्षांचा सहकारी व्हॅलेंटिन बोंदारेन्को मॉस्कोतील सरावकक्षात प्राणवायूमुळे भडकलेल्या आगीत होरपळून मरण पावला. सोव्हिएत सरकारने हे १९८६ पर्यंत दडवले. मधल्या काळात, २७ जानेवारी १९६७ रोजी, जमिनीवरील चाचणीत ‘अपोलो १’ यानातल्या शुद्ध प्राणवायूत आग लागून तीन अमेरिकी अंतराळवीर गेले. आधी कळते तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. धोका तिथेही ठाऊक होता. पण एका मरणाने दिलेला इशारा कपाटात बंद राहिला. मुलांना १२ एप्रिल शिकवताना २३ मार्चही सांगावा, असे मला वाटते.